इंजिन बदलल्यानंतरची वायरिंग : दोष कुठे आणि कसा शोधावा



या पानावर आम्ही एरवी बेणेमळा, हुमणी, खोडव्याची जोपासना असे विषय घेतो. या अंकात विषय थोडा आडवाटेचा आहे. परंतु गट कार्यालयात लागणीच्या नोंदीला आलेले सभासद नोंद झाली की हळूच विचारतात, "साहेब, जीपचं इंजिन बदललंय, तेव्हापासनं सेल्फ मारत नाही. काय करावं?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की एकदा सविस्तर लिहून टाकावे असे वाटले. आमचे शिक्षण शेतीच्या पदविकेचे, विजेचे नव्हे. पण शेतकी खात्याच्या जीपने आम्हाला रस्त्यात जेवढे शिकवले तेवढे कोणत्याच वर्गात कुणी शिकवले नाही.

आपल्या भागात जीपला वेगळे इंजिन बसवण्याची चाल जुनी आहे. विलीज जीप दुसऱ्या महायुद्धात पुढे आली आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. त्या गाड्या पेट्रोलच्या. पुढे पेट्रोल परवडेना, चेसिस मात्र दणकट, म्हणून डिझेल इंजिन बसवायला लोकांनी सुरुवात केली. लोखंडाचे काम आपल्याकडचे फिटर उत्तम करतात. माउंटिंगचे अँगल, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटरचे नळ, कशाला नाव ठेवायला जागा नाही. घोडे अडते ते वायरिंगपाशी. फिटर म्हणतो हे इलेक्ट्रिशियनचे काम, इलेक्ट्रिशियन म्हणतो इंजिनमध्येच खोट आहे, आणि मालक दोघांच्या मध्ये पैसे मोजत बसतो.

गेल्या हंगामातली गोष्ट सांगतो. आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, सगळा गट त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या मुलाने उसाच्या बिलातून पैसे काढून जीपला डिझेल इंजिन बसवले. बसवले त्या दिवशी गाडी धक्क्याने सुरू झाली, चांगली पळाली. पण सेल्फ मारला की "घर्र" करून थांबायची. मुलाने नवी बॅटरी घेतली. फरक नाही. सेल्फ भरून आणला. फरक नाही. मग दुसरा सेल्फ घेतला. तिसऱ्या खर्चानंतर बापलेकात बोलणे बंद झाले. अण्णा आम्हाला म्हणाले, "भंगारात घाला एकदाची. ऊस जाईना, गाडी चालंना, पोरगं बोलंना."

आम्ही गेलो तेव्हा गाडी फडाच्या कडेला उभी होती. ऊस नुकताच तुटून गेलेला, सगळीकडे वाळलेले पाचट. मुलाने आमच्यासमोर सेल्फ दाबून धरला आणि पाचसात सेकंदांत बॉनेटखालून धूर निघाला. ॲक्सिलरेटरच्या केबलवरचे प्लॅस्टिक वितळून खाली टपकत होते. खाली पाचट, शेजारी दुसऱ्याचा उभा ऊस. आम्ही आधी बॅटरीचे टर्मिनल उपटले, मग बोललो.

ॲक्सिलरेटरच्या केबलचा आणि विजेचा काय संबंध? इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा मुळातून सांगतो.

व्होल्ट म्हणजे टाकीची उंची समजा आणि अँपिअर म्हणजे पाइपातून वाहणारे पाणी. पाइप बारीक असला, किंवा जोडात गाळ बसला, तर टाकी कितीही उंच असो, शेवटच्या सरीला पाणी रडत पोचते. इथपर्यंत पाण्याचा दाखला चालतो. पण एक फरक आहे. पाणी शेतात जिरले की त्याचे काम संपले. वीज मात्र जिथून निघाली तिथे, बॅटरीत, परत आलीच पाहिजे. जाण्याचा रस्ता जेवढा रुंद, तेवढाच परतीचाही रुंद हवा. गाडीत जाण्याची वायर दिसते, परतीची दिसत नाही, कारण परतीचे काम इंजिनचे व चेसिसचे लोखंडच करते. यालाच आपण अर्थिंग म्हणतो.

आता इंजिन बसते रबरावर. रबरातून वीज जात नाही. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक गाडीत इंजिन आणि चेसिस जोडणारी तांब्याची जाळीदार पट्टी किंवा जाड केबल असते. इंजिन उतरवताना ती पट्टी सुटते, जुन्या इंजिनबरोबर कोपऱ्यात पडते आणि नव्या इंजिनला लावायची कुणालाच आठवण राहत नाही. डिझेलच्या सेल्फला दोनशे-तीनशे अँपिअर लागतात. एवढी वीज परत यायला वाट शोधते आणि मिळेल तिथून घुसते. कधी ॲक्सिलरेटरची केबल, कधी स्पीडोमीटरची, कधी हँडब्रेकची. बांध फुटला की पाणी उंदराच्या बिळातूनही जाते, तसेच हे. त्या बारीक केबलला ते पाणी झेपत नाही, ती तापते, लाल होते.

अण्णांच्या जीपवर आम्ही मीटर लावला. साधा डिजिटल मल्टिमीटर, बाजारात काही शे रुपयांत मिळतो. त्याचा काटेकोर वापर कसा करायचा ते नीट वाचा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. सेल्फ दाबलेला असतानाच मोजायचे, नुसत्या उभ्या गाडीवर मोजून काही कळत नाही. आणि सेल्फ दोन-तीन सेकंदच दाबायचा.

पहिले माप बॅटरीच्या दोन टोकांवर. सेल्फ दाबल्यावर १०.२ व्होल्ट आले. म्हणजे बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. दुसरे माप बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड नटापर्यंत. ०.४ व्होल्ट. म्हणजे जाण्याच्या रस्त्यात तेवढेच वाया जाते, चालेल. तिसरे माप बॅटरीच्या मायनस टोकापासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत. इथे ०.२, फार तर ०.३ यायला हवे. आले ४.१. बेरीज-वजाबाकी करा : १०.२ मधून ०.४ आणि ४.१ गेले, सेल्फच्या वाट्याला उरले ५.७ व्होल्ट. बारा व्होल्टचा सेल्फ एवढ्यावर फिरणार कसा? ते सेल्फ बिचारे दोन्ही चांगले होते.

बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला ५० चौरस मिलिमीटरची केबल टाकली. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरे लोखंड काढले, थिंबल चांगले दाबून बसवले. दुसरी केबल इंजिनपासून चेसिसला. तिसरे माप परत घेतले, ०.१५. मुलाने सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अण्णा मुलाकडे न बघता आम्हाला म्हणाले, "चहा घेऊनच जायचं." मुलगा गाडीत जळका वास मारणारी केबल हातात घेऊन बसला होता. बॅटरी, भरून घेतलेला सेल्फ आणि नवा सेल्फ यांचे पैसे गेले, ते एका तुकडा केबलीपायी.

एक शंका इथे नेहमी निघते. "मीटरने रेझिस्टन्स तपासला, शून्य दाखवला, मग अर्थिंग चांगलीच की!" तसे नाही. जोडात ओहमचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ ओहम, एवढा अडथळा असला तरी २५० अँपिअरला २.५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. आणि त्या एका जोडावर ६२५ वॅटची उष्णता होते, म्हणजे तिथे छोटी विजेची शेगडीच पेटली म्हणा. स्वस्तातल्या मीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही. म्हणून जाड केबलीचा जोड रेझिस्टन्सवर तपासू नये, ओझे घालून व्होल्टवर तपासावा.

हीच गोष्ट बारीक वायरींची. सात तारांपैकी सहा तुटल्या आणि एक शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर काही ओझे उचलत नाही. यासाठी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा, एक टोक अर्थला आणि दुसरे संशयित वायरीला. बल्ब ठणठणीत पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर वायर कुठेतरी आतून गेली. जुन्या इलेक्ट्रिशियन मंडळींचा हा टेस्ट दिवा अजून कुणी मागे टाकलेला नाही. फक्त नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनवर तो वापरू नका, त्याचे कारण पुढे येईल.

आता चार्जिंगकडे वळू. जुन्या पेट्रोल जीपला डायनामो होता, त्याच्यासोबत कटआउटची पेटी. नव्या इंजिनला अल्टरनेटर आहे, त्याचा रेग्युलेटर बहुधा पोटातच असतो. तेव्हा जुनी कटआउटची पेटी पूर्ण काढावी. दोन्ही ठेवून "असू द्या, चालतंय" म्हणणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. अल्टरनेटरच्या मोठ्या नटापासून बॅटरीकडे जाड वायर हवी. डॅशबोर्डवरचा जुना तीस अँपिअरचा अँमीटर त्या वाटेत ठेवू नये, कारण अल्टरनेटर त्याहून अधिक देतो आणि अँमीटर जळतो. त्याऐवजी व्होल्टमीटर बसवला तर जास्त उपयोग होतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले म्हणजे चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बघा, नाहीतर बॅटरी उकळेल.

चार्जिंगचा छोटा लाल दिवा ही शोभेची वस्तू नाही. कित्येक अल्टरनेटरना जागे करणारी वीज त्या दिव्यातूनच जाते. बल्ब उडालेला असला तर इंजिन सुरू करून रेस केल्याशिवाय चार्जिंग चालूच होत नाही. बॅटरी रोज सकाळी बसते आणि दोष अल्टरनेटरला लागतो. बल्ब आहे का, ते आधी बघा.

डायनामोच्या काळातली एक सवय मात्र सोडून द्यावी. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल उचलायचे, इंजिन बंद पडले नाही तर चार्जिंग आहे, ही ती परीक्षा. अल्टरनेटरवर असे केले की व्होल्ट एकदम उसळतात आणि आतले डायोड जातात. बॅटरीची टोके उलटी लागली तरी तेच. जुन्या ब्रिटिश धर्तीच्या कित्येक गाड्यांत प्लस टोक चेसिसला असे. युद्धकाळातल्या विलीजची वायरिंग तर सहा व्होल्टची होती. जुने चेसिस हाती आले असेल तर कोणते टोक अर्थला आहे आणि बल्ब किती व्होल्टचे आहेत, हे आधी पाहूनच मग अल्टरनेटर जोडावा.

यापुढची खोट आमच्या शेतकी खात्याच्या जीपची, आणि ती कबूल करायला आम्हाला आजही थोडे ओशाळे वाटते. इंजिन बदलून आणले, गाडी झकास चालली. गाडीतळावर उतरलो, ड्रायव्हरने किल्ली फिरवली, काढून खिशात घातली. इंजिन चालूच! ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हिला बहुतेक घरी जायचं नाही." शेवटी गिअर टाकून क्लच सोडला तेव्हा धक्का खाऊन बंद पडली. आजूबाजूला ट्रॉल्या भरून उभ्या, बैल जोडलेल्या गाड्या उभ्या. जरा चुकले असते तर कुणाच्या तरी अंगावर गेली असती. त्यानंतर महिनाभर आम्ही गाडी तशीच बंद करीत होतो, हा आमचा गाढवपणा.

कारण असे. डिझेलच्या पंपावर स्टॉपचा सोलेनॉइड असतो. वीज मिळाली की डिझेलची वाट उघडी, वीज गेली की बंद. आमच्या जीपमध्ये किल्लीच्या एकाच टोकावर सोलेनॉइडही होता आणि चार्जिंगचा दिवाही. किल्ली बंद केली तरी इंजिन फिरत असल्याने अल्टरनेटर वीज तयार करतो. ती वीज दिव्यातून उलटी येते, किल्लीच्या त्या टोकावर पोचते आणि तिथून सोलेनॉइडला जाते. सोलेनॉइड एकदा ओढला गेला की धरून ठेवायला त्याला फार थोडी वीज पुरते. ओळखायची खूण म्हणजे किल्ली बंद केल्यावर चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला दिसतो. खात्री करायची तर तो बल्ब काढून गाडी बंद करून पाहा. बंद झाली तर रोग सापडला. उपाय काही रुपयांचा आहे. दिव्यापासून अल्टरनेटरकडे जाणाऱ्या वायरीत एक अँपिअरचा डायोड टाकायचा, त्याच्यावरचा पट्टा अल्टरनेटरच्या बाजूला. वीज जाईल, परत येणार नाही. पाटाला झडप बसवली म्हणा.

याच्या उलट तक्रार म्हणजे गाडी चालता चालता एकदम बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. डिझेलला हवा धरली असे समजून लोक पाइप खोलत बसतात. आधी सोलेनॉइडची वायर हलवून बघा. तिथले थिंबल सैल असले की खड्ड्यात गाडी बंद.

हीटर प्लग असलेल्या इंजिनला आणखी एक काळजी हवी. चार प्लग मिळून चाळीस अँपिअर किंवा त्याहून जास्त खेचतात. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअर घेतात, यावरून अंदाज करा. प्लगची वायर किल्लीवरून परस्पर नेली तर किल्ली वितळते. तिथे रिले हवाच. किल्लीने रिलेला नुसते सांगायचे, ओझे रिलेने उचलायचे. बॅटरीपासून निघालेल्या प्रत्येक वायरीला, सेल्फची सोडून, बॅटरीजवळच फ्यूज हवा. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा तांब्याची तार घालणारा माणूस पाचटाच्या गंजीवर बिडी ओढणाऱ्यापेक्षा शहाणा नाही.

आता टेंपरेचरचा काटा. जुना मीटर आणि नव्या इंजिनचा सेंडर यांचे जमेलच असे नाही. दोन्ही चालू असतात, वायर जोडलेली असते, काटा हलतोही, पण खोटे सांगतो. पाणी उकळून गेले, हेड वाकले, आणि काटा शेवटपर्यंत निम्म्यावर, असे एका सभासदाचे झाले. इंजिनचा खर्च दुसऱ्यांदा आला. म्हणून बसवण्याआधी पडताळा घ्या. सेंडर वायरीला जोडा, त्याच्या अंगाला अर्थची वायर बांधा आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टोक धरा. काटा लाल पट्ट्याजवळ आला पाहिजे. आला नाही तर जुन्या मीटरचाच सेंडर बुश करून नव्या इंजिनमध्ये बसवावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये. सेंडरची अर्थ त्या आट्यांतूनच असते, टेप जास्त झाली की तीच तुटते.

हल्ली तरुण सभासद अपघातात निकामी झालेल्या मोटारीचे कॉमन रेल इंजिन आणून बसवू लागले आहेत. तिथे गोष्ट निराळी. या इंजिनला डिझेल केव्हा व किती सोडायचे हे ईसीयू नावाची पेटी ठरवते. नुसते इंजिन आणून भागत नाही. ईसीयू, पूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटरचे पॅडल, किल्ली आणि इमोबिलायझर, सगळे एकाच गाडीतले आणावे. इमोबिलायझर किल्लीतली चिप ओळखतो. ओळख पटली नाही तर सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, किंवा सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते. वायरिंग कापून आणलेले इंजिन स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा इंजिनवर टेस्ट दिवा लावू नका. दिवा दीड-दोन अँपिअर ओढतो, ईसीयूच्या आतले बारीक भाग त्याने जळतात. मीटरच वापरा. पहिली तपासणी इथेही तीच, सेल्फ फिरताना ईसीयूला पुरेसे व्होल्ट आणि चांगली अर्थ मिळते का. व्होल्ट फार पडले तर पेटी मध्येच झोपते. नंतर क्रँक सेन्सर. त्याचा इशारा आला नाही तर ईसीयूला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही आणि डिझेल सुटत नाही. सेन्सरना ५ व्होल्टची वेगळी वीज असते. ती शून्य दिसली तर एकेक सेन्सरचा प्लग काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर किंवा त्याची वायर खराब. सेन्सरची अर्थ चेसिसला जोडण्याचा शहाणपणा करू नये, ती ईसीयूकडेच परत गेली पाहिजे. आणि माउंटिंगला वेल्डिंग मारायचे असेल तेव्हा बॅटरीची दोन्ही टोके, अल्टरनेटर आणि ईसीयूचा प्लग काढून ठेवावा. वेल्डिंगची अर्थ जिथे टाका मारायचा त्याच्या अगदी जवळ लावावी.

इंजिन उतरवण्याआधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढा आणि वायरीला चिठ्ठी बांधा. बेण्याच्या मोळीला जातीची चिठ्ठी बांधतो तशीच. आठ दिवसांनी कोणती पिवळी वायर कुठली हे फिटरलाही आठवत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि नव्या इंजिनचा नंबर नोंदणी पुस्तकावर चढवून घ्यावा लागतो. हे न करता गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचा विचारते. इंजिनची खरेदी पावती जपून ठेवा.

अण्णांची जीप यंदा तोडणी टोळीला भाकरी-पाणी पोचवायच्या कामावर आहे. मुलगाच चालवतो. परवा त्याने दुसऱ्या एका सभासदाच्या टेंपोची अर्थिंग शोधून दिली, माप घेऊन.

सभासदांच्या सोयीसाठी एक मल्टिमीटर व एक टेस्ट दिवा गट कार्यालयात ठेवला आहे. नेताना रजिस्टरला सही करावी, दुसऱ्या दिवशी परत द्यावा, आणि मीटर बंद करूनच पिशवीत घालावा. मागच्या वेळी सेल उतरलेला मीटर परत आला होता.

— ऊस विकास अधिकारी